बायबलवरचा हात आणि साडूचा नारळ

अमेरिकेच्या सरकारी कारभारात देवाला पाय ठेवायलाही जागा नाही, असं मी गणेशोत्सवाच्या व्याख्यानात माइकवरून सांगितलं. ते चूक होतं. नुसतं एवढंच बोललो असतो तर निभावलं असतं, पण ‘तिळाएवढीही नाही’ असं वर जोडून मी टेबलावर हात आपटला, आणि पाण्याचा पेला अध्यक्षस्थानी बसलेल्या गुरुजींच्या मांडीवर सांडला.

मी बनारसमधल्या एका कॉलेजात तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. ‘जगातील राज्यघटना’ हा पेपर माझा. अमेरिका मी पाहिलेली नाही. पूर्वेला कोलकाता आणि पश्चिमेला पुणे, एवढंच माझं जग. गाइडमध्ये ‘तेथे धर्म व राज्य अलग आहेत’ अशी एक ओळ होती, तिच्याखाली मी नोकरीच्या पहिल्या वर्षी लाल रेघ मारली. तीस वर्षं ती रेघ बघून बघून ती ओळही आपणच लिहिली आहे असं मला वाटायला लागलं होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात उत्सवाच्या तिसऱ्या दिवशी व्याख्यान असतं. हे शास्त्रार्थाचं गाव, त्यामुळे निमूट ऐकून घरी जायची पद्धत नाही. व्याख्यान संपलं की श्रोत्यांपैकी कोणीही उठून वक्त्याची चूक दाखवावी. चूक सिद्ध झाली तर वक्त्याने आपल्या हाताने त्याला नारळ द्यायचा, आणि पुढल्या वर्षीचं व्याख्यान त्याचं. निवाडा करायचा गुरुजींनी. ते ऐंशीच्या पुढचे वेदशास्त्री, त्यांच्या शब्दावर अपील नाही. अकरा वर्षं ते व्याख्यान माझं होतं. मी याला विद्वत्ता समजत होतो. बायको म्हणायची, लोक प्रसादाची वाट बघत असतात, चूक काढून उशीर कोण करेल.

त्या वर्षी माझा साडू उठला. हा माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, रेल्वेतून निवृत्त झालेला. मुलगी अमेरिकेत, तिच्याकडे सहा महिने राहून नुकताच परतला होता. त्याने पाकिटातून डॉलरची एक नोट काढली आणि पहिल्या रांगेतल्या एका मुलीला म्हणाला, “बेटा, ज़रा पढ़ देना. मी चष्मा विसरलोय.” चष्मा त्याच्या कपाळावर होता.

मुलीने वाचलं. देवावर आमचा विश्वास आहे, असं सरकारने छापलेल्या नोटेवर छापलेलं. “अंकल, ये तो नोट पे ही लिखा है,” ती मला अगदी दयेने म्हणाली. मग साडूने सावकाश सांगितलं की त्यांच्या संसदेचं कामकाज प्रार्थनेने सुरू होतं, त्यासाठी दोन्ही सभागृहांत पगारी धर्मोपदेशक नेमलेले आहेत, आणि आजवर ते ख्रिस्तीच होते. “तिळाएवढी जागा नाही हे खरंच आहे, साडूबुवा,” तो म्हणाला. “त्याहून बरीच मोठी आहे.”

लोक हसले. गुरुजीही हसले, ओल्या धोतराने. मी नारळ दिला. देताना साडूच्या बोटांवर जरा जोराने दाबला, पण त्याने तो झेलला असा की लोकांना मी नम्र वाटलो.

त्या दिवसापासून मला ते व्याख्यान परत हवं होतं, आणि ते साडूच्या हातून हिसकावलेलं हवं होतं. परीक्षेने मला कधी अभ्यासाला लावलं नाही, सुडाने लावलं. अमेरिकेची घटना मी आयुष्यात पहिल्यांदा मुळातून वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन. आणि मला हत्यार सापडलं. कोणत्याही सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं आहे. अध्यक्षाच्या शपथेचा मजकूरही दिलेला आहे, त्यात देवाचं नाव नाही. बायबलचा तर उल्लेखच नाही. अध्यक्ष बायबलवर हात ठेवतात ती नुसती रीत, आणि हात न ठेवता शपथ घेतलेलेही होऊन गेलेत. आपल्याकडे निदान ‘ईश्वरसाक्ष’ की ‘गांभीर्यपूर्वक’ असा पर्याय कागदावर तरी आहे.

आता शपथेला बायबल लागतंच, ही चूक साडू आपण होऊन करेल याची वाट पाहणं मला परवडणारं नव्हतं. मी ती त्याच्या ताटात वाढायची ठरवली. बायकोला बेत सांगितला तेव्हा ती मेथी निवडत होती. तिने मान वर न करता एवढंच विचारलं, “आणि हे तुम्हाला जमेल?”

माघातल्या एका सकाळी मी साडूला मुन्शी घाटाच्या पायऱ्यांवर गाठलं. तो रोज तिथे ऊन खात बसतो. मी दोन कुल्हड मलइयो घेऊन गेलो. दुधाचा तो केशरी फेस त्याला अमेरिकेत मिळाला नव्हता, आणि त्याबद्दल तो अजून हळहळत असे.

“साडूबुवा, तुम्ही त्या दिवशी माझे डोळे उघडलेत,” मी म्हणालो.

“मिटले कुठे होते? भाषणभर माझ्याकडेच बघत होता.”

“चेष्टा नको. मी घरी जाऊन वाचलं. तुम्ही म्हणालात त्याहून पुढची गोष्ट आहे. बायबलवर हात ठेवल्याशिवाय अध्यक्ष होताच येत नाही. घटनेतच आहे.”

“घटनेतच?”

“कलमासकट.”

त्याने कुल्हडच्या तळाला बोट फिरवून चाटलं. “तुम्ही तीस वर्षं शिकवलंत. तुम्ही म्हणताय म्हणजे असणारच.”

मी अहिल्याबाई घाटाकडे परतलो तो जवळजवळ नाचत. त्याच्या त्या शेवटच्या वाक्याचा मी नीट विचार करायला हवा होता.

भाद्रपद आला. गंगेचं पाणी घाट गिळून वर गल्लीच्या तोंडाशी आलेलं, तरी मंडळाचा हॉल भरला. साडू बोलायला उभा राहिला. माझ्या खिशात घटनेची छापील पानं, हव्या त्या ओळींखाली लाल रेघ. आधीचीच लाल पेन्सिल, पण या वेळी ओळी खऱ्या होत्या.

तो चांगलं बोलला. हे लिहिताना अजून त्रास होतो. त्याने लेकीच्या गावची नगरपालिका सांगितली. तिच्या घरासमोर नाली तुंबायची, ती तक्रार घेऊन लेक सभेला गेली, हाही सोबत. सभा सुरू होण्याआधी पाद्री उठला, सगळे उभे राहिले, माना खाली. प्रार्थना येशूच्या नावाने संपली. “मी काशीचा माणूस,” साडू म्हणाला, “प्रार्थना दिसली की हात आपोआप जुळतात. मी नमस्कार केला. लेक ताठ उभी होती, डोळे उघडे. तिची नाली शेवटच्या नंबरावर आली आणि पुढच्या सभेवर ढकलली गेली. गाडीत तिने विचारलं, बाबा, मी डोळे मिटले असते तर नाली आज झाली असती का? मी म्हणालो, वेडी, त्याचा याच्याशी काय संबंध? पण मला माहीत नव्हतं. तिलाही नव्हतं. तिला आता दर सभेला हाच प्रश्न पडणार.”

मला आमच्या कॉलेजातले ख्रिस्ती ग्रंथपाल आठवले. सरस्वतीपूजेला ते सर्वांत मागे, हात पाठीशी बांधून उभे राहायचे, आणि प्रसाद कागदात बांधून घ्यायचे. त्यांना कसं वाटतं हे तीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. मला त्या क्षणी वाईट वाटलं. पण तो क्षण मी दाबून खाली बसवला, कारण साडू पुढे म्हणत होता, “आणि अध्यक्षाला तर बायबलवर हात ठेवावाच लागतो. घटनेत आहे.”

मी इतक्या झटक्यात उठलो की मागची खुर्ची पडली. पानं फडकवली, कलम वाचलं, शपथ वाचली. अट नाही, देव नाही, बायबल नाही. प्रत्येक ‘नाही’वर मी साडूकडे बोट रोखत होतो. वर्षभर आरशासमोर केलेली तालीम होती ती.

“बरोबर आहे,” साडू शांतपणे म्हणाला. “शास्त्रात नाही, रूढीत आहे. तिथे कायदा कोणालाही अडवत नाही, पण मतं मागणारा देवाचं नाव घेतल्याशिवाय सहसा भाषण संपवत नाही. शास्त्रात् रूढिर्बलीयसी, हे काशीत मी काय सांगू.”

“ते राहू द्या,” मी म्हणालो. “गुरुजी, चूक सिद्ध झाली. नारळ.”

“झाली,” गुरुजी म्हणाले. “पण रेल्वेतल्या माणसाने हे घटनेचं कलम आणलं कुठून?”

साडूने हात जोडले. “माघात, मुन्शी घाटावर, साडूबुवांनी स्वतः सांगितलं. मलइयो खाऊ घालून. राज्यशास्त्राचे प्राध्यापक, मी कशाला पडताळून बघू?”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गुरुजींनी चष्मा पुसला. “तुम्ही सांगितलंत?”

“सांगितलं.”

“तेव्हा तुम्हाला खरं काय ते माहीत होतं, की नव्हतं?”

माहीत होतं म्हणावं तर मी लबाड. नव्हतं म्हणावं तर तीस वर्षांचा पगार घेतलेला अडाणी. तिसरा दरवाजा म्हातारबुवांनी ठेवलाच नव्हता. समोर गणपती, मागे अख्खं मंडळ, आणि मी कशावरही हात न ठेवता खोटं बोललो.

“नव्हतं.”

“मग चूक तुमची,” गुरुजी म्हणाले. “ज्याची चूक, त्याने नारळ द्यायचा. व्याख्यान यांच्याकडेच राहील.”

मी साडूला दुसरा नारळ दिला. या वेळी बोटांवर दाबायचं त्राणही नव्हतं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी म्हणाला, “या थंडीतही मलइयो आणा, साडूबुवा. यंदा राणीचा धर्म कुठला ते सांगा. अमेरिकेच्या.”

घरी परतताना गल्लीत घोट्यापर्यंत पाणी होतं. मी बायकोला पुढल्या वर्षीचा बेत सांगायला लागलो. साडूला कोणत्या कलमावर पाडता येईल, कोणत्या घाटावर गाठावं, या वेळी मलइयोऐवजी काय न्यावं. ती साडी सावरत दोन पावलं पुढे चालली होती.

“राज्यशास्त्र तुम्हाला येत नाही, हे आज तुम्हीच गणपतीसमोर सांगितलंत,” ती म्हणाली. “आणि लबाडीही येत नाही, हे भावोजींना माघातच कळलं होतं.”