बुरजावरची झाडं

आधी उपकार सांगतो, मग गुन्हा. गोंदियाच्या एका राईस मिलच्या गेटवर तेव्हा फौजेतले एक माजी शिपाई दरवान होते. मी त्यांना काका म्हणायचो, आजही म्हणतो. नाव लिहू नकोस अशी त्यांची ताकीद आहे. पण ते नसते तर माझ्याच हातच्या कागदावर एक निर्दोष माणूस तुरुंगात गेला असता.

एवढी वर्षं झाली, तरी तो तपास काल केल्यासारखा डोळ्यांसमोर आहे. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. मी कोकणातला, पाचवीत शाळा सुटलेला. रेल्वेतल्या मामाच्या आधाराने गोंदियाला आलो आणि पोलिसात लागलो. जंगलकडेच्या एका लहान ठाण्यात लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण अक्षर बरं होतं. रोजनामच्यात चूक होईल या धास्तीने मी प्रत्येक ओळ आधी पाटीवर लिहून बघायचो.

एका लाकूड ठेकेदाराचं चांदीचं खिशातलं घड्याळ साखळीसकट गेल्याची फिर्याद होती. चौथ्या दिवशी खबर आली. सालेकसाकडच्या एका गावात एक माणूस मोहफुलांच्या कोठीतून साखळीला लोंबणारं गोल, चकचकीत काहीतरी काढतो, बघत बसतो आणि परत पुरून ठेवतो. खबऱ्या खोटं बोलत नव्हता. झडतीत ती वस्तू सापडली. पण ते घड्याळ नव्हतं. चांदीचा बिल्ला होता. त्यावर लेकरू घेतलेली बाई, मागे परकी अक्षरं.

ठाणेदार म्हणाले, "घडी नहीं तो यही सही. याच्या घरात विलायती चांदी आली कुठून? कुठल्या तरी चर्चमधून उचलली असेल. उद्या दुपारी कोर्टात रवाना करा."

जबाब मी घेतला. पस्तिशीचा माणूस, उकिडवा बसलेला. त्याची बायको बाहेर चिंचेखाली बसून होती.

"बिल्ला कोणी दिला?"

"एका म्हातारीनं."

"कुठली म्हातारी?"

"इटलीची."

जमादार खदखदून हसले. "सालेकसाच्या पुढचं टेशन का रे, इटली?"

"हासा, जमादारसाहेब. लढाईत खच्चर घेऊन गेलो होतो मी."

पुरावा मागितला, तर त्याचे फौजेचे कागद वाळवीने खाल्ले होते. "मग बिल्ला लपवतोस कशाला?" मी विचारलं.

"लपवू नाही त काय करू? भाऊबंद म्हणतीन, यानं देव बदलला. जातीबाहेर टाकतीन. मंग माह्या पोरीले करन कोण?"

म्हातारीचं शहर कसं होतं, मी विचारलं. तो सांगत गेला. शहराला चहूबाजूंनी भिंत, पण इतकी रुंद की वरून बैलबंडी जाईल. भिंतीवर झाडांच्या रांगा. एका दरवाज्याशी चढायचं, चालत राहायचं, की फिरून त्याच दरवाज्याशी.

"अन् एक उंच बुरूज होता, साहेब. त्याच्या डोक्यावर झाडं."

"कुंडीतली?"

"खरी झाडं! थंडीनं सारी झाडं उघडी पडली होती, तेवढीच हिरवी. मी खाली उभा राहून पाहूनच राहिलो."

त्या बुरजाजवळ एक म्हातारी ओंडका ओढत होती. याने कुऱ्हाड घेऊन तो फोडून दिला. मग तिथे होता तोवर रोज तिचं सरपण फोडलं. निघायच्या दिवशी तिने स्वतःच्या गळ्यातला बिल्ला याच्या गळ्यात घातला.

मी सगळं लिहून घेतलं. पण इटली कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. तेव्हा काका आठवले. लढाईत समुद्रापार गेलो होतो, असं ते कधी तरी म्हणाले होते. ठाणेदारांकडून सकाळपुरती मुभा घेतली आणि पहिल्या गाडीने गोंदिया गाठलं.

साक्षीदाराच्या तोंडात उत्तर द्यायचं नाही, एवढं मी शिकलो होतो. म्हणून इतकंच विचारलं, "काका, लढाईत भिंतीचं एखादं शहर पाहिलंत का?"

"भिंतीचे लय पाहिले. पण इटलीत लुक्का म्हणून एक होतं. भिंतीवर चढलं का फिरून त्याच दरवाज्याले येते माणूस." मग हळूच म्हणाले, "तू हासशील, कोकण्या. तिथं बुरजाच्या डोक्यावर झाडं होती."

मी चहाची बशी खाली ठेवली. मी हकिकत सांगितली.

"चाल," काका उठले.

"आणि गेट?"

"गेट का पळून चाललं?"

तो ठेकेदार मिलमालकाचा दोस्त होता. काकांना ते माहीत होतं.

ठाण्यात दोघे समोरासमोर आले. आधी कधी भेटलेले नव्हते. ठाणेदारांसमोर दोघांनी बोलण्यातूनच ती भिंत चालायला घेतली. दरवाजा जुळला, गल्ल्या जुळल्या, आणि बुरजाशी येऊन भांडण जुंपलं.

"सात झाडं होती," काका म्हणाले.

"पाच! मी रोज पाहत होतो."

"अबे, मी वर चढून गेलो होतो!"

"मले खच्चरवाल्याले कोण चढू देते वर? पण पाचच!"

जमादारांचं हसू केव्हाच विरलं होतं. ठाणेदारांनी कागद मिटला. "झूठ में इतना झगड़ा नहीं होता. बिल्ला परत द्या त्याला."

पण झडतीला गावचेच पंच होते, गोष्ट फुटली होती. काका दुसऱ्या दिवशीही थांबले. गावच्या बैठकीत उभे राहून म्हणाले, "ते देव नाही. परमुलखात याले भेटलेली माय आहे. आपल्या मायची वस्तू घरात नाही ठेवत का?" म्हाताऱ्यांनी बिल्ला हातोहात फिरवला आणि त्याच्या बायकोच्या ओंजळीत ठेवला.

घड्याळ आठवड्याने ठेकेदाराच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. आणि काकांची गेटवरची नोकरी गेली. हे मला काकूंकडून कळलं, त्या विड्या वळत बसल्या होत्या. काका त्याबद्दल आजवर एक शब्द बोललेले नाहीत.

पुढे मी फौजदार होऊन निवृत्त झालो. अनेक जबाब घेतले. कानाला अशक्य वाटलं की आधी स्वतःला विचारायचो, हे खोटं आहे, की फक्त मला ठाऊक नाही? ही सवय त्या दोघांनी लावली.

परवा काकांना भेटलो. ऐंशी उलटली आहे. तुमचं कसं फेडू, विचारलं, तर म्हणाले, "काही नको देऊ. कधी तिकडं गेलाच, त मोजून ये."

माझी मुलगी परदेशात असते, सारखी बोलावते. विमानाची भीती वाटते म्हणून टाळत आलो. आता टाळणार नाही, काका. त्या दरवाज्याशी चढेन, भिंतीवरून पूर्ण फेरा घेईन, बुरजावर जाऊन झाडं मोजेन. सात की पाच, ते सगळ्यांत आधी तुम्हाला येऊन सांगेन. तोवर थांबा.