एअर फिल्टर आणि एक माफीनामा

ही घटना मी आजवर बाहेर कोणाला सांगितली नाही, आणि विसरायचं म्हटलं तरी विसरता आलेली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, खाडीत सापडलेल्या प्रेतांचे पंचनामे केले. त्यातलं फारसं काही आता मनात नाही. राहिली आहे ती गाडीच्या एअर फिल्टरवरून झालेली एका साध्या अर्जाची चौकशी. तुम्हाला हसू येईल. तेव्हा मलाही आलं होतं.

निवृत्तीला सात महिने उरले होते. वसईतल्या एका पोलीस ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सोमवारी सकाळी साहेबांनी एक तक्रारी अर्ज माझ्याकडे चौकशीला दिला. अर्जदार माझ्याच सोसायटीचा सेक्रेटरी, माझ्या खालच्या मजल्यावर राहणारा. मुंबईत चांगल्या नोकरीला, बोलायला गोड. अर्जदार ओळखीचा आहे, चौकशी दुसऱ्याकडे द्या, असं मी साहेबांना सांगायला हवं होतं. पण आदल्या दिवशी अर्ज कसा लिहायचा हे मीच त्याला चहा पिता पिता सांगितलं होतं.

अर्जात लिहिलं होतं की उमेळ्याच्या एका मेकॅनिकने सर्व्हिसिंग करताना न विचारता तेलात भिजवलेला, हलक्या प्रतीचा जाळीचा फिल्टर बसवला. त्यामुळे घोडबंदरच्या चढावर गाडी बंद पडली. बायको-मुलं आत, मागून ट्रक. सर्व्हिस सेंटरने बाहेरचा फिल्टर पाहून वॉरंटी नाकारली.

मेकॅनिक मला परका नव्हता. सहा वर्षं माझी गाडी त्याच्याकडेच जायची. उमेळ्यात वडिलांच्या वाडीच्या तोंडाशी पत्र्याची शेड, हेच त्याचं गॅरेज. मागे केळी, समोर नव्या इमारतींचे सांगाडे. माणूस चाळिशीचा, कामापुरता बोलणारा. एकदा त्याने मला फिल्टर कसा निवडायचा ते दाखवलं होतं. "कंपनीचाच पायजे असं नाय साहेब. बाहेरचापन चांगला मिलतो. फकस्त बघून घ्यायचा." मागून टॉर्च धरायची, उजेड सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. कडेचं रबर दाबायचं, ते परत फुगलं पाहिजे. मग निळ्या पेनाने त्या रबरावर तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहून तो फिल्टर बसवायचा. ही त्याची कायमची रीत होती आणि मी ती डोळ्यांनी पाहिली होती.

तरीही मी त्याला आणायला पोलीस गाडी काढली. नुसता फोन केला असता तर तो सायकलवर टांग मारून आला असता. पण सेक्रेटरीला माझं वजन दाखवायचं होतं. मी स्वतः वर्दीत, गाडीत बसून गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. म्हातारा उठून उभा राहिला, मला नमस्कार केला आणि मुलाकडे बघत राहिला.

सकाळी अकरापासून मी त्याला ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं. ही आमची जुनी पद्धत. माणसाला काही विचारायचं नाही, पाणी द्यायचं, बसवायचं. दोन तासांत तो आपोआप मऊ होतो. दुपारी एक वाजता समोर घेतला. सेक्रेटरी बाजूच्या खुर्चीत बसला होता आणि त्याने आणलेला जाळीचा फिल्टर टेबलावर होता.

"हा फिल्टर तू बसवलास?"

"नाय साहेब. मी कागदाचा बसवला, बाहेरचाच, पन त्यांना दाखवून. हा जालीचा माझा नाय."

"मग आकाशातून पडला?"

"कोनी काढला म्हाईत नाय. माझ्या फिल्टरवर तारीख हाय, तुमी बघितलंय. गाडी उघडून बघा. नवाच होता, टाकला नसंल त्यांनी."

एवढंच बोलून तो खाली बघत राहिला. मी नव्या पोरांना नेहमी शिकवायचो, खोटा माणूस जास्त बोलतो, खऱ्याला शब्द सापडत नाहीत. त्या दिवशी माझ्याच टेबलासमोर एक जण तासभर गोड बोलत होता आणि एक जण खाली बघत होता, आणि मला खाली बघणारा खोटा वाटला. सेक्रेटरीची गाडी माझ्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीच्या शेजारी उभी होती. जिना उतरून डिकी उघडायची, एवढंच काम होतं. मी ते केलं नाही.

उलट म्हणालो, "लिहून दे, चूक झाली म्हणून. इथेच मिटेल. नाहीतर गुन्हा दाखल होईल, मग कोर्टाच्या फेऱ्या मार."

चार वाजता त्याने सही केली. मजकूर मी सांगितला, हवालदाराने लिहिला. "बाप घरी एकटा हाय, जाऊ का?" एवढंच त्याने विचारलं. सेक्रेटरीने टेबलावरच्या माफीनाम्याचा फोटो काढला, मी बघत होतो, मी हटकलं नाही. अर्ज 'समजुतीने निकाली' असा शेरा मारून फाइल बंद केली आणि घरी जाऊन व्यवस्थित जेवलो.

दोन महिन्यांनी माझ्या गाडीचा फिल्टर बदलायला आला. उमेळ्याला जायचं तोंड नव्हतं, म्हणून वसई पूर्वेला स्पेअर पार्टच्या एका दुकानात गेलो. काउंटरवर तीन-चार फिल्टर मांडले होते. मी मोबाइलची टॉर्च लावली, मागून उजेड पाहिला, रबर दाबलं. माझी बोटं त्या मेकॅनिकनेच शिकवलेलं करत होती, हे ध्यानात आलं तेव्हा कान तापले.

दुकानदार हसला. "एवढं चेक करून कोण नाय घेत, साहेब. आता सगळ्यांना धुवायचा फिल्टर पाहिजे, व्हिडिओ बघून येतात. तुमच्याच बिल्डिंगचे एक आलेले." त्याने माझ्या गाडीच्या काचेवरच्या सोसायटीच्या स्टिकरकडे बोट केलं. "सेम स्टिकर. जाळीचा घेऊन गेले, वरून तेलाची बाटली. मी बोललो, दोन थेंब मारा फक्त. त्यांनी अख्खी बाटली ओतली असणार. पंधरा दिवसांत भांडायला परत. जास्त तेल आत जाऊन सेन्सरवर बसलं की गाडी बंद पडणारच ना?"

असा सुगावा मी मागितलेला नव्हता, पण आयुष्यातला सगळ्यात पक्का सुगावा तोच निघाला. फिल्टर न घेताच परत आलो.

संध्याकाळी सेक्रेटरीच्या दारात उभा राहिलो आणि फक्त म्हणालो, "गाडीची किल्ली आण." तो खाली उतरेपर्यंत सात विषयांवर बोलला. डिकीत स्टेपनीच्या खोबणीत एक खोका होता, आत जवळजवळ कोरा कागदी फिल्टर. रबरावर निळ्या पेनाने सर्व्हिसिंगची तारीख आणि किलोमीटर.

"मीच बदलला होता," तो म्हणाला. "मिसेससमोर काय सांगणार? मुलं होती गाडीत. आणि वॉरंटी... मला वाटलं, तो मेकॅनिक आहे, त्याला काय फरक पडतो?"

मला त्याचा राग यायला हवा होता. आला, पण टिकला नाही. तो खोटं बोलला होता, तपास मात्र माझा होता. त्याला सोसायटीच्या ग्रुपवर खुलासा टाकायला लावला. 'फिल्टरबाबतचा गैरसमज दूर झाला आहे' एवढी एक ओळ त्याने टाकली. वर पाण्याच्या टँकरची वेळ, खाली कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मी ती ओळ चालवून घेतली, कारण खरी हकिगत लिहायची तर माझंही नाव आलं असतं.

उमेळ्याला गेलो तर शेड बंद. त्या माफीनाम्याचा फोटो आसपासच्या पाच-सहा इमारतींच्या ग्रुपवर फिरला होता आणि गिऱ्हाईक तुटलं होतं. मेकॅनिक वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरीला लागला होता. तिथे जाऊन त्याला बाहेर बोलावलं, खोका दाखवला आणि चुकलो म्हणालो. हात पुसत तो ऐकत होता.

"मला काय नको साहेब. बाप माझ्याशी बोलत नाय, तेवढं बघा. मी सांगितलं तवा म्हनला, सही कोनाची? पोलीस उगाच नेतात काय? तुमी सांगा त्याला."

"रविवारी येतो," मी म्हणालो.

"वर्दीत या. नेलात तवा वर्दीत व्हता."

निवृत्तीला तेव्हा पाच महिने बाकी होते. त्या रविवारी बंदोबस्त होता, पुढच्या रविवारी मंत्र्यांचा दौरा. पोलिसाला कारण शोधावं लागत नाही, ते ड्युटी रजिस्टरमध्ये तयार असतं. खरं कारण मला माहीत होतं. वर्दी घालून एका मेकॅनिकच्या ओट्यावर उभं राहायचं आणि चुकलो म्हणायचं, हे मला जमत नव्हतं. गावातल्या कोणी फोटो काढला तर? साहेबांनी विचारलं तर? असं करता करता निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, 'निष्कलंक सेवा' असं भाषण. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

निवृत्तीनंतर दुसऱ्या आठवड्यात पँट-शर्ट घालून उमेळ्याला गेलो. मुलगा घरी होता, दाराशी उभा राहिला. म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरून मला निरखलं.

"कोन?"

मी सगळं सांगितलं. खोका उघडून तारीख दाखवली. तुमच्या मुलाची काही चूक नव्हती, मीच त्याला सही करायला लावली, असं तीन वेळा सांगितलं.

"तुमी पोलीस?"

"होतो. मीच आलो होतो त्या दिवशी."

"तो वर्दीवाला व्हता," म्हातारा म्हणाला. मग मुलाकडे बघत, बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलला असावा, "आता असं बोलायला मान्संपन आनायला लागलास?"

मी ओळखपत्र काढलं. त्यावर 'सेवानिवृत्त' लिहिलेलं होतं आणि म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं. मुलगा आत गेला आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

या प्रकरणाने काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच आहे. डिकी उघडून बघावी. ओळखीच्या माणसाची चौकशी हातात घेऊ नये. आणि चूक वर्दीत केली असेल तर ती वर्दी अंगावर आहे तोवरच दुरुस्त करावी, नंतर ती होत नाही. मी अजूनही महिन्यातून एकदा उमेळ्याला जातो, ओट्यावर बसतो. म्हातारा माझ्याशी केळीबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो. मुलाचा विषय काढला की उठून आत जातो.