काकूंच्या सेशनमधली आरोळी

आधीच सांगतो, लिंबू-मिरचीचा आणि माझा संबंध स्वयंपाकघरापुरताच. मित्रांनी भुतांचे किस्से सुरू केले की "तिथे वायफाय होतं का रे?" असं विचारून सगळ्यांचा विरस करणारा मी माणूस. तरी हे लिहायला बसलोय... आणि लिहिताना हसू येतंय.

नागपुरात धरमपेठेत आमचं छोटंसं ऑफिस आहे. कोणाचा कॉम्प्युटर बिघडला की त्यांच्या परवानगीने आम्ही इथूनच त्यांची स्क्रीन ताब्यात घेऊन दुरुस्ती करतो. प्रत्येक सेशन रेकॉर्ड होतं — स्क्रीनही आणि आवाजही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते रेकॉर्डिंग ऐकायचं आणि मग फोन करून "सगळं नीट चालू आहे ना?" असं विचारायचं, हा ऑफिसचा नियम.

सुमनकाकू उमरेडच्या. घरी हातमाग आहे. साड्यांच्या काठांची नक्षी त्या कॉम्प्युटरवर काढतात. सेशन बंद करायचं बटण आमच्याकडे ग्राहकानेच दाबायचं असतं, आणि काकू ते कधीच दाबत नाहीत.

"काकू, आता ते लाल बटण दाबा."

"घरी आलेल्या माणसाले जाय म्हणू का? तूच निघ गा बापू, सावकाश."

मग मी हेडफोन काढून दुसऱ्या कामाला लागायचो. इकडे रेकॉर्डिंग आपलं चालूच — कुकरच्या शिट्ट्या, मागाची खटखट, शेजारच्या शांताबाईंशी गप्पा... आपोआप बंद पडेपर्यंत.

त्या दिवशी काकूंचा प्रिंटर रुसला होता, आणि काकूही गप्प गप्प होत्या. विचारलं तर हळूच म्हणाल्या, "सून नागपूरले दवाखान्यात भरती आहे. याच्या आधी दोनदा... राहिलं नाही. या खेपेले मी घरात कोणाले बोलूच देत नाही त्याबद्दल. तू पण काही बोलू नको."

मी मुकाट्याने प्रिंटर चालू करून दिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत ते रेकॉर्डिंग लावलं. माझं काम संपलं, माग सुरू झाला, शांताबाई आल्या. अगदी शेवटी फोनची रिंग — आणि काकूंची आरोळी!

"नात झाली वं शांते! दोघीही चांगल्या आहेत!"

पाठोपाठ स्टीलचं ताट दणकन पडलं, आणि दोघी बाया एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. काल मी हेडफोन काढल्यावर बातमी आलेली दिसते! इतका आनंद झाला की नियमातलं "नीट चालू आहे ना" विसरून मी थेट फोन लावला.

"काकू, अभिनंदन! नात झाली!"



"बापू... काहून अशी थट्टा करून राहिला गा?" काकूंनी विचारलं. "सुनेले आत्ताच आत नेलं. इथं आम्ही देव पाण्यात ठेवून बसलो."

 जी गोष्ट ती बाई घरच्यांना उच्चारू देत नव्हती, ती मी बेधडक बोलून बसलो होतो. काही वाईट झालं असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं. "काकू, चुकलो, मी काल तुमच्याच..." एवढं म्हणतोय तोच त्यांच्याकडे दुसरा फोन वाजला.

"थांब. पोराचा आहे."

मी फोन कानाला धरूनच ठेवला.

"नात झाली वं शांते! दोघीही चांगल्या आहेत!"

तीच आरोळी. तोच सूर. आता ताट पडणार, असं मनात येईपर्यंत — दणकन! मग पलीकडे त्या दोघी आणि इकडे मी, सगळेच हसत होतो आणि सगळेच रडत होतो. ऑफिसातले लोक माझ्याकडे बघत राहिले. बघू देत!

नंतर रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. कुकर, माग, "शांते, कोथिंबीर आहे का वं?" आणि शेवटी नुसता पंखा. आरोळी नाही, ताट नाही. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तर त्यांनी मलाच चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं. दोन रेकॉर्डिंग एकमेकांत मिसळली म्हणावं, तर ती आरोळी तोवर कोणी मारलीच नव्हती! आजही मला याचा उलगडा झालेला नाही. तुमच्यापैकी कोणाला झाला तर जरूर सांगा.

बारशाला एसटीने उमरेडला गेलो. काकूंनी मला सगळ्यांसमोर ओढत नेलं — "नातीची बातमी पहिले यानं सांगितली!" — आणि माझ्या तोंडात चिमूटभर साखर घातली. मग कानाशी येऊन विचारलं, "खरं सांग बापू, तुले कसं कळलं गा?"

"तुमच्याच तोंडून ऐकलं काकू. शप्पथ."

काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग साखरेची वाटी माझ्या हातात दिली.

"मंग माह्या तोंडात पण टाक," असं म्हणून त्यांनी आ केला.