दिलावरभाईंनी न दाखवलेली फ्रेम

भोरच्या बाजारपेठेत दिलावरभाईंचं चष्म्याचं दुकान होतं. दुकानात आरसा होता, पण तो जवळपास नावालाच. नवी फ्रेम घालून बघायची तर आधी डोळ्यांवरचा चष्मा उतरवावा लागतो, आणि तो उतरवला की जाड नंबरवाल्याला आरशात आपलं तोंडही धड दिसत नाही. मग गिऱ्हाईक आवाजाच्या दिशेनं वळून विचारायचं, "कसा दिसतोय?"

दिलावरभाई मान मागं घेऊन, एक डोळा बारीक करून न्याहाळायचे. "हाच घ्या," म्हणायचे, आणि गिऱ्हाईक तो घ्यायचं. कित्येक वर्षं असंच चाललं होतं. एरवी त्यांना कुठल्या गोष्टीत कोणी फारसं विचारत नसे. घरात तर बायको, बद्रुन्निसा, त्यांना कांदेसुद्धा निवडू देत नसे. एवढी एकच जागा होती जिथं त्यांचा शब्द चाले, आणि ती त्यांना गमवायची नव्हती.

दोन हजार सहाच्या सुमारास मुलगा मतीन पुण्याहून कॉम्प्युटर शिकून आला आणि त्यानं दुकानात एक कॉम्प्युटर मांडला. वर छोटा कॅमेरा. समोर बसलं की पडद्यावर आपलं हलतं तोंड दिसे आणि मतीन त्यावर हवी ती फ्रेम चढवी. मान वळवली की फ्रेमही वळे.

"अब्बा, ही तर सुरुवात हाय. पुढं चष्म्यातच कॉम्प्युटर येणार. समोर रस्ता दिसंल आन त्या रस्त्यावरच गावाचं नाव बी दिसंल."

"आन नंबर? त्यात नंबर कुठं बसवायचा?"

"बसवतील की कुठंतरी," मतीन म्हणाला.

थोड्याच दिवसांत विंझरच्या फुलाबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. चष्म्याची काडी तुटलेली, दोऱ्यानं बांधलेली. मतीननं त्यांना कॅमेऱ्यापुढं बसवलं, चष्मा काढायला लावला आणि पडद्यावर फ्रेम चढवली.

"कशी वाटती, मावशी?"

"कशी काय? मला निसतं धुकं दिसतंय, लेकरा."

"मग चष्मा घालून बगा."

घातला, तर पडद्यावर चष्म्यावर चष्मा.

"अगं बाई, दोन-दोन! माजी चेष्टा लावलीस व्हय रं?"

दिलावरभाई हसले. त्यांना मनातून बरंच वाटलं. त्यांनी नेहमीची जाड तपकिरी फ्रेम काढून पुढं ठेवली. पण तेवढ्यात मतीननं फुलाबाईंना चष्मा पुन्हा उतरवायला लावून बिनचष्म्याचा फोटो काढला आणि तो पडद्यावर थांबवला. "आता घाला तुमचा, आन बगा."

फुलाबाई पुढं वाकल्या आणि बघतच राहिल्या. चष्मा लहानपणीच लागलेला. चष्म्याशिवायचं आपलं तोंड त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"डोळं मोटं हाईत की माजं!"

मतीन फोटोवर एकेक फ्रेम चढवत गेला. तपकिरी आली तशा त्या म्हणाल्या, "ही नगं बाबा. सासऱ्यावानी दिसतीया मी." मग एक बारीक, डाळिंबी रंगाची आली. "ही."

"फुलाबाई, ती नाजूक हाय," दिलावरभाई म्हणाले. "आन तुमची काच जाड, कडंनं भाईर येनार. त्या पडद्यावर काच दिसत न्हाई."

"ही तुमी मला कदी दावलीच न्हाई, दिलावरभाई."

"तुमाला शोभंल असं वाटलं न्हाई."

"वाटलं न्हाई! तोंड कुनाचं?"

मतीन तोंड फिरवून हसला. दिलावरभाईंनी काच बाहेर येईल हे पुन्हा एकदा सांगून पाहिलं.

"यिऊ द्या की. काचच हाय, तिला काय लपवायचं?"

दिलावरभाई आत जाऊन चाकावर काच घासत बसले. कड जितकी पातळ करता येईल तितकी केली, तरी ती फ्रेमीबाहेर आलीच. फुलाबाईंनी चष्मा चढवला, कानामागं बोट फिरवून काड्या चाचपल्या आणि विंझरवरून जाणारी वेल्ह्याची एसटी गाठायला निघाल्या. कसा दिसतोय, ते विचारायला काही त्या थांबल्या नाहीत.

पुढं दिलावरभाईंनी खणात पडलेल्या रंगीत फ्रेमी काढून बाहेर मांडल्या. काच बाहेर येईल, हे मात्र ते ज्याला त्याला सांगत. कोणी ऐकून दुसरी निवडी, कोणी तीच घेऊन जाई.