निजलेल्या माणसाचं माप

माझ्या आत्याला लहानपणापासून शिवणाचा नाद. सहाव्या वर्षी तिने वडिलांच्या सगळ्या पँटचे खिसे शिवून टाकले, उघडे बरे दिसत नाहीत म्हणून. पुढे बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात तक्रारीच्या खिडकीवर नोकरी केली, पण जीव सुईतच. तिच्या घरात रेडिओला अभ्रा होता, मिक्सरला होता, वजनकाट्याला होता, आणि हे अभ्रे मळू नयेत म्हणून त्यांच्यावर आणखी एकेक अभ्रा होता. तिच्याकडे फार वेळ एका जागी बसायची आम्हा भावंडांना भीती वाटायची.

गोधड्यांकडे ती वळली आतोबांच्या सर्दीमुळे. आतोबा पलंगावर तिरके झोपत आणि उजवा पाय भिंतीला टेकवून सरळ वर ठेवत. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. कुठलंही पांघरूण घाला, तो पाय बाहेर, आणि अकरा वर्षं नाक वाहतंय. आत्या निवृत्त झाली त्याच आठवड्यात एका दुपारी ते घोरत असताना तिने टेप लावून त्यांचं माप घेतलं आणि जुन्या चादरी-सदऱ्यांचे तुकडे जोडून, पायाला वेगळी बाही असलेली गोधडी शिवली. चौथ्या दिवशी सर्दी पळाली.

ती गोधडी वाळत घातलेली पाहून पोस्टमनने विचारलं, हे कुठल्या जनावराचं आहे. आत्याने सांगितलं, आमच्या ह्यांचं. पोस्टमनने पत्रांबरोबर ही बातमीही घरोघर वाटली आणि महिन्याभरात लोक गोधड्या सांगायला येऊ लागले.

पहिलं गिऱ्हाईक हेडमास्तर. मी पट्टीसारखा सरळ झोपतो, असं त्यांनी ठासून सांगितलं, आणि आत्याने तशीच गोधडी शिवून दिली. आठवड्याने ती परत आली. सोबत त्यांच्या बायकोचा निरोप होता, की हे मांजराच्या पिल्लासारखं मुटकुळं करून झोपतात, अंगठा तोंडात असतो, आणि हे मी सांगितल्याचं कृपा करून सांगू नका. माणूस वयाबद्दल बोलत नसेल एवढं खोटं झोपेबद्दल बोलतो, हे तेव्हा आत्याच्या ध्यानात आलं. तिने बाहेरच्या खोलीत पलंग टाकला आणि दारावर पाटी लावली: ‘माप निजल्यावरच घेतले जाईल. दुपारी दोन वाजता पोटभर जेवून यावे.’

लोक खरंच यायला लागले. कुणी स्वतःची उशी घेऊन यायचं, कुणी घरूनच पायजमा घालून. आतोबा दाराशी बसून दबक्या आवाजात नंबर पुकारत. एक प्लंबर माप झाल्यावरही उठेना, तेव्हा त्याला तसाच उचलून कोपऱ्यातल्या सतरंजीवर ठेवावा लागला. शेवटी शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने तक्रार केली, की भिंतीपलीकडच्या घोरण्याने आमचे फळीवरचे बूट सरकतात.

नगरपालिकेचा निरीक्षक आला. त्याने पलंग पाहिला, त्यावर गाढ झोपलेला बँकेचा शिपाई पाहिला, रांगेत जांभया देणारी माणसं पाहिली आणि वहीत लिहिलं: विनापरवाना लॉज.

“लॉज नाही, शिवणाचं दुकान आहे,” आत्या म्हणाली.

“शिंप्याकडे गिऱ्हाईक उभं असतं, बाई.”

“कपडे उभ्या माणसाचे असतात म्हणून. तुम्ही कसे झोपता?”

“सरळ.”

आत्याने शिपायाला उठवून पलंगाकडे बोट केलं. कामाच्या वेळेत झोपणं नियमात बसत नाही, असं निरीक्षक म्हणाला. तपासणी न करता अहवाल लिहिणं बसतं का, असं आत्याने विचारलं. मग त्याने मुकाट्याने बूट काढले. चार मिनिटांत गडी झोपला, आठव्या मिनिटाला मिटल्या डोळ्यांनी ताठ उठून बसला आणि उजव्या हाताने हवेत सह्या ठोकू लागला. आत्याने खांद्यापासून मनगटापर्यंत माप घेतलं, एका सहीला जागा किती लागते तेही मोजलं.

जागा झाल्यावर त्याचा विश्वास बसेना, पण रांगेतल्या नऊ जणांनी साक्ष दिली. तो उजवा खांदा चोळू लागला. मग हळूच म्हणाला, “म्हणून खांदा दुखतो होय.”

पंधरा दिवसांनी परवाना आला. त्यावर धंद्याचा प्रकार लिहिला होता: शिवणकाम, गिऱ्हाईक निजलेल्या स्थितीत.

यानंतर आली ती एक निवृत्त दंतवैद्य बाई. तिला मापाची गोधडी हवी होती आणि झोप येत नव्हती. एकोणीस दुपारी ती पलंगावर पडून छताकडे बघत राहिली. बाकीची मापं उरकली की आत्या शेजारी खुर्ची ओढून टाके घालत बसायची, आणि दोघी दाढा, दोरे, सासवा अशा सगळ्या विषयांवर बोलायच्या. विसाव्या दुपारी बोलता बोलता आत्याचाच डोळा लागला. आतोबा उठवायला गेले तर बाईने ओठांवर बोट ठेवलं, आत्याच्या हातातली सुई अलगद काढून घेतली आणि टेप उचलली. वरची बाजू डावी, वरची उजवी, खालची डावी, खालची उजवी, असं सगळं तिने दाताच्या तक्त्यासारखं कागदावर मांडलं.

आत्या उठली आणि तिने कागद वाचला. गावभर मापं घेतलेल्या बाईचं माप आजवर कुणी घेतलं नव्हतं.

“माझी कोपरं एवढी बाहेर असतात?”

“गर्दीत जागा करत असल्यासारखी,” बाई म्हणाली. “मी पेशंटशी कधी खोटं बोलले नाही.”

दुसऱ्या दिवसापासून आत्याने तिला कामावर घेतलं. निजलेल्या माणसांच्या खोलीत जांभई न देता बसणारी दुसरी बाई कुठे मिळणार होती? आता दोन ते चार मापं ती घेते, आणि आत्या आतल्या खोलीत कोपरं पसरून आपल्या गोधडीत झोपते. बाईची स्वतःची गोधडी मात्र अजून शिवायची राहिली आहे. माप मिळालं की लगेच शिवायला घेऊ, असं आत्या म्हणते.