कोळीण मावशींचा फोटो

बोर्ली पंचतनच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका मावशींच्या बर्फाच्या पेटीवर एका धावपटू मुलीचा फोटो चिकटवलेला असतो. ती मुलगी बंदी असलेलं उत्तेजक औषध घेऊन धावली, असा संशय पेपरात आला. घरातला पहिला पदवीधर मी, शहाणपणानं म्हणालो, "मावशी, काढा आता तो फोटो."

मावशींनी सुरमईचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला. "मासा ताजा का शिळा, ह्यात कळतं. माणसाला असा कल्ला न्हाय रं. हिला बघून माझी पोर रोज पहाटे वाळूत धावते. उद्या ही खरी निघाली, तर कुठल्या तोंडानं फोटो परत लावू?"

आपण फसलो तर हसं होईल, एवढीच माझी भीती. मावशींना त्या अनोळखी मुलीवर अन्याय होण्याची भीती वाटत होती.