सासू-सुनेचे धोंडे

सई, ईशान, तुम्ही सहलीतून पाठवलेला ग्रॅनाइटच्या डोंगराचा फोटो मिळाला. एका गोल धोंड्यावर दुसरा धोंडा, आणि खाली तुमचा प्रश्न : "आजी, हा वर कोणी ठेवला?" याचं उत्तर मला तुमच्या पणजीने, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दिलं होतं. आता ते सांगणारी मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

फुलसावंगीत त्यांना धोंडेवाली म्हणत. इथल्या डोंगरांना त्यांनी जन्मभर डोंगर मानलं नाही. आपले डोंगर काळ्या दगडाचे, पायऱ्यापायऱ्यांचे, वर सपाट. त्या म्हणत, "हे कायचे डोंगर? जेवाले बसाचे पाट रचून ठेवले कोनी." त्यांचं माहेर पैनगंगेपलीकडे, देगलूरच्या अंगाला. तिथला दगड तांबूस, ठिपक्यांचा. त्याचा पाटा त्यांनी लग्नात बरोबर आणला होता. त्यांच्या माहेरच्या गावामागच्या टेकडीवर दोन धोंडे एकावर एक होते. गाव त्यांना सासू-सून म्हणे.

"वरची सासू असेल," मी नवी असताना म्हटलं.

"वरची सून. वजन कोन झेलून राह्यलं, पाह्य ना!"

धोंडे गोल कसे होतात, हे त्या कांदा सोलताना सांगत. अखंड दगडाला भेगा पडतात, भेगांत पाणी मुरतं, दगड कडेने भुसभुशीत होतो. कोपऱ्याला दोन्हीकडून मार, म्हणून कोपरे आधी झिजतात. कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. मग पावसाळ्यामागून पावसाळे तो भुसा वाहून नेतात. "वर कोनीच ठेवलं नाही, पोरी. आजूबाजूचं गेलं, अन् हे राह्यलं." मी इंग्रजीतून भूगोल शिकले होते. माझ्या पुस्तकातही हेच होतं, पण पुस्तकाला माहेर नव्हतं.

ते धोंडे पुन्हा एकदा पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा. दरवर्षी काही ना काही निघे : कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी, कोणाचं बाळंतपण. "धोंडे का पळून चालले?" मामंजी म्हणत. एक दिवस सासूबाईंच्या माहेरच्या भाच्याचा फोन आला, टेकडीवर खडीची मशीन बसली. त्या जेवणावरून उठल्या. दुसऱ्याच दिवशी तुमच्या आजोबांनी जीप काढली.

पोचलो, पण गुडघ्यांनी चढ मानला नाही. पायथ्याशी कोणाच्या तरी बाजेवर त्या बसल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत मशीनचा खडखडाट.

"हायेत का व?"

"अर्धी टेकडी गेली, आई. पण दोघी आहेत."

"सून वरच हाये ना?"

"वरच."

"म्हन तिले, उतरू नको बाई." त्या हसल्या आणि मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसल्या.

पुढे त्या गेल्या, मामंजी गेले, तुमचे आजोबा गेले. तुमचे आईबाबा तिकडे दूर राहायला गेले. तुमचा फोटो पाहून मी सासूबाईंच्या त्या भाच्याला फोन केला. धोंडेही खडीत गेले, म्हणाला.

पाटा मात्र माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यांच्या हाताने मधोमध खोलगट झालेला. काल त्यावर जवसाची चटणी वाटली.